लाईट गेली म्हणून कोठडी उघडत नाही

आमच्या रत्नागिरीच्या ग्रुपवर फिरतंय : 'वादळात लाईट गेली की कोठडीची कुलपं आपोआप उघडतात.' तसं नसतं.

पोलीस ठाण्यातल्या कोठडीला बहुतेक ठिकाणी लोखंडी गज, आडवी कडी आणि किल्लीचं कुलूप. त्यात वीज येतेच कुठे? घोळ बहुधा ऑफिसातल्या चुंबकी कुलपांमुळे झालाय. ती विजेवर दार धरून ठेवतात आणि वीज गेली की सोडतात, म्हणजे आगीत कुणी अडकत नाही. तुरुंगातल्या कोठड्यांची विजेची कुलपं बरोबर उलटी. वीज लागते ती उघडायला. ती गेली तर बोल्ट जागचा हलत नाही, पहारेकरी किल्ली लावतो. निसर्ग वादळात, २०२० साली, आपल्याकडे कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. वीज गेली की उघडणारं कुलूप कोठडीला बसवणारा कारागीर विरळाच!

खरी करामत कडीच्या जागेत आहे. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये ती दारापासून लांब, भिंतीतल्या खोबणीत बसवलेली आहे. गजांतून हात कितीही ताणा, पोचत नाही.

बाकी आमच्या खाऱ्या वाऱ्यात गंजलेलं कुलूप किल्लीनेही उघडत नाही, ती तक्रार मात्र खरी.