उचल फेडता येते, नाव नेता येत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नावाऐवजी 'शाहूपुरीतला (कोल्हापूर) एक व्यापारी' एवढंच लिहिलंय, त्यामुळे नुसतं 'तुम्ही' म्हणूनच बोलतो. प्रतिक्रिया कडक आहे, पण मूळ लेख नीट वाचून लिहिलेली आहे. म्हणून दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून मोकळं व्हायचं नाही असं ठरवलं.

मी लिहिलं होतं की ऑनलाइन लिलावात एकदा एक साइट मोठी झाली की बाकीच्यांना जागा उरत नाही; उलट आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या शेतकऱ्याला दहा दुकानं मोकळी असतात. त्यावर तुमचं म्हणणं असं: ईबे ही लिलावाची बलाढ्य अमेरिकी साइट जपानात हरली, चीनमध्ये हरली, मग मक्तेदारी कसली? फी परवडत नसेल तर विक्रेत्यानं दुसरीकडे जावं, त्याला कुणी दाव्यानं बांधलंय का? आणि गुळाच्या शेतकऱ्याला मोकळा म्हणणाऱ्यानं 'उचल', म्हणजे मालाच्या बोलीवर घेतलेले आगाऊ पैसे, कधी बघितलीच नसावी.

शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं, कारण ते खरं आहे. गुऱ्हाळ पेटायच्या आधीच गुळव्याला (गूळ बनवणाऱ्या कारागिराला) आणि मजुरांना पैसे द्यावे लागतात, चुलवाणाची, म्हणजे भट्टीची, डागडुजी असते, घरात कुणाचं तरी लग्न असतं. हे पैसे अडत्याकडून, म्हणजे यार्डात दलालीवर माल विकून देणाऱ्याकडून, येतात आणि मग हंगामभर रवे (गुळाच्या ढेपा) त्याच्याच दुकानात उतरतात. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यात बोली कितीही उघड लागू दे, आपला माल कुणाच्या दारात लागणार हे त्या शेतकऱ्यानं दोन महिने आधीच कबूल केलेलं असतं. हे माहीत असून मी लेखात गाळलं. चूक माझी.

पण उचलीचा विचार करतानाच मला माझाच मुद्दा जास्त स्पष्ट दिसायला लागला. तिथे मी नंतर येतो. आधी जपान आणि चीन.

जपानात याहूनं सप्टेंबर १९९९ मध्ये लिलाव सुरू केले. ईबे तिथे पोचली २००० च्या सुरुवातीला, म्हणजे काही महिने उशिरा. याहूकडे विक्रेत्याला तेव्हा फी नव्हती, ईबेकडे होती. २००२ मध्ये ईबेनं तिथला गाशा गुंडाळला. यातून जगभर एकच कंपनी जिंकते असं नाही हे सिद्ध होतं, आणि माझ्या लेखातलं 'सगळीकडे' हे वाक्य तुम्ही बरोबर पकडलंत. पण बहुतेक देशांत शेवटी कुणीतरी एकच मोठा उरला, ही गोष्ट तशीच राहते. जपानात तो याहू होता. अमेरिकेत त्याच याहूचं काय झालं बघा. विक्रेत्यांना सुरुवातीला फुकट जागा दिली, २००१ मध्ये फी लावली, २००५ मध्ये परत फुकट केलं आणि २००७ मध्ये दुकान बंद केलं. फुकट देऊनही गिऱ्हाईक आलं नाही, कारण बोली लावणारी माणसं ईबेवर बसली होती.

लिलावात हे असं का होतं, हे व्यापारी म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ठरलेल्या किमतीनं विकायचं असेल तर एक गिऱ्हाईक पुरतं. लिलावाला किमान दोन लागतात. मी संस्थानी काळातली कोर्ट फी तिकिटं आणि जुने स्टॅम्पपेपर विकतो. एखाद्या दुर्मिळ कागदासाठी देशात दोघंच जण धडपडतायत असं धरा. एकाची तयारी २,००० रुपयांची, दुसऱ्याची १,८०० ची. दोघं एकाच साइटवर असतील तर कागद १,८०० च्या थोडा वर जातो. दोघं दोन वेगळ्या साइटवर असतील तर तोच कागद ३०० च्या सुरुवातीच्या बोलीवर सुटतो. माल तोच, खरेदीदार तेच, पण पंधराशे रुपये हवेत गेले. म्हणून गर्दी गर्दीकडेच जाते आणि विक्रेता फी वाढली तरी हलत नाही.

चीनचं उदाहरण मात्र माझ्या विरोधात जातं, ते कबूल करतो. तिथे ईबेनं २००२ ते २००३ मध्ये ईचनेट ही आघाडीची साइट विकत घेतली. म्हणजे ती पहिलीही होती आणि मोठीही. मे २००३ मध्ये अलीबाबा या चिनी कंपनीनं ताओबाओ ही साइट काढली, विक्रेत्यांकडून फी घेतली नाही, खरेदीदाराला विक्रेत्याशी थेट चॅट करता येईल अशी सोय केली आणि माल पोचेपर्यंत पैसे अलीपे या तिच्याच पेमेंट सेवेकडे राहतील अशी व्यवस्था बसवली. २००६ च्या अखेरीस ईबेनं तिथला कारभार एका स्थानिक कंपनीच्या हाती सोपवला. म्हणजे मोठा पडू शकतो. पण तो कधी पडला? दरवर्षी इंटरनेटवर कोट्यवधी नवी माणसं येत होती तेव्हा. त्या माणसांचं ईचनेटवर मागे राहण्यासारखं काहीच नव्हतं. अमेरिकेत ज्यांची पाच-सहा वर्षांची कमाई ईबेवर होती, त्यांच्यासाठी हे इतकं सोपं नव्हतं.

कमाई म्हणजे पैसे नव्हेत, रेटिंग: खरेदीदारांनी विक्रेत्याबद्दल साइटवर नोंदवलेले अभिप्राय. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, 'बांधलंय का', उत्तर इथे आहे. मी नऊ वर्षं एका साइटवर विकत होतो. कोणती ते सांगत नाही, त्याची इथे गरज नाही. सहाशेच्या वर चांगले अभिप्राय जमले होते. फी दोनदा वाढली तेव्हा मी तुमचाच सल्ला मानून दुसरीकडे गेलो. तिथे माझ्या नावापुढे शून्य होतं. तीन महिन्यांत एक विक्री झाली, तीही अशा माणसाला जो मला आधीपासून ओळखत होता. बाकीच्यांना मी अनोळखी, आणि अनोळखी माणसाला आगाऊ पैसे कोण पाठवणार? मुकाट परत आलो आणि वाढीव फी भरली.

हा प्रश्न माझ्यापुरता नाही. १९९९ मध्ये ॲमेझॉननं स्वतःचे लिलाव सुरू केले तेव्हा विक्रेत्यांना ईबेवरचं रेटिंग तिकडे आणायची मुभा दिली होती. ईबेनं जोरदार आक्षेप घेतला: हे अभिप्राय आमच्या मालकीचे आहेत. ॲमेझॉननं ती सोय बंद केली. मला त्या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रामाणिकपणे माल पाठवला विक्रेत्यानं, अभिप्राय लिहिला खरेदीदारानं, आणि मालकी सांगितली तिसऱ्यानं.

आता उचल. उचल बांधते, पण तिचा आकडा वहीत असतो. अमुक हजार दिले, अमुक रवे आले, बाकी एवढी. एखाद्या वर्षी उसानं साथ दिली की शेतकरी ती फेडतो आणि पुढच्या हंगामात शेजारच्या दुकानात रवा लावतो. तिथे त्याच्या गुळाचा रंग बघून व्यापारी ओळखतात की हा अमक्या गावचा, अमक्या गुऱ्हाळाचा. नाव त्याच्याबरोबर चालत जातं. माझ्या सहाशे अभिप्रायांना मात्र फेडायचा आकडाच नाही. कितीही पैसे मोजले तरी ते मला सोडवून नेता येत नाहीत.

'मोठं होणं हा गुन्हा आहे का' असंही तुम्ही विचारलंत. नाही. आपला २००२ चा स्पर्धा कायदासुद्धा तसं म्हणत नाही. कलम ४ मध्ये मनाई आहे ती वर्चस्वाच्या गैरवापराला. कुणाचे तुकडे करा अशी माझी मागणी नाही. माझी मागणी मोबाइल नंबरसारखी आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी आपण केवळ नंबर जाईल म्हणून महागडं कार्ड सांभाळत होतो, आठवतं ना? लिलावाच्या साइटनं विक्रेता मागेल तेव्हा त्याच्या अभिप्रायांचा दाखला द्यावा, बँक स्टेटमेंट देते तसा, आणि नव्या साइटनं तो पडताळून घ्यावा. खोटे दाखले येतील ही भीती रास्त आहे. पण दाखला विक्रेत्याच्या हातून न जाता एका साइटकडून थेट दुसरीकडे गेला तर ती भीती बरीच कमी होते.

मूळ लेखातलं 'सगळीकडे' हे वाक्य मी आज बदललंय आणि उचलीचा परिच्छेद नव्यानं जोडतोय. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. उचल फिटल्यावर शेतकरी दुकान बदलतो तेव्हा जुना अडत्या नव्याकडे काही बोलतो का, आणि नवा अडत्या उचल देताना जुन्याला विचारतो का? तुमच्या दुकानात काय रीत आहे ते सविस्तर लिहा.