टीला या

मामेभावाने घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच टाकलंय: विज्ञान मराठीतून शिकवू नका, भाषाच भोंगळ. पुरावा काय, तर ‘लागणे’. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, निकालही लागतो. इंग्रजीत कसं, एक शब्द, एक अर्थ! खाली अकरा अंगठे.

अरे बाबा, चौदा वर्षं उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये काढली मी. १९८९ च्या ऑक्सफर्ड कोशात एकट्या ‘सेट’चे चारशेच्या वर अर्थ आहेत. ते राहू दे, नुसता ‘टी’ घे.

पहिल्याच वर्षी शेजारच्या बाईंनी साडेपाचला टीला बोलावलं. मी उशिरा भरपेट जेवून, बिस्किटांचा पुडा घेऊन गेलो. टेबलावर मीट अँड पोटॅटो पाय, वाटाणे, ग्रेव्ही. चहा शेवटी आला, मगमध्ये. इकडे उत्तरेत टी म्हणजे संध्याकाळचं जेवण आणि डिनर दुपारचं. म्हणून तर शाळेत दुपारी वाढतात त्या डिनर लेडीज.

आणि हा भाऊ पुण्याहून सोनेरी अक्षरांत ज्याचं आमंत्रण धाडतो तो ‘हाय टी’? तो दमूनभागून घरी आलेल्या कामगाराचा घास: थंड मांस, पाव, सोबत चहा. नाजूक सँडविचांचा तो आफ्टरनून टी, बड्या घरचा. हे कळवलं तर म्हणतो, “तू साहेब झालास.”

आपल्याकडे तरी काय? कचेरीत ‘चहापाण्याचं बघा’ म्हटल्यावर कोणी किटली शोधत नाही. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर विरोधक बहिष्कार टाकतात, तो काय चहा कडू असतो म्हणून?

पण टोचलं ते वेगळंच. ‘एक शब्द, एक अर्थ’ हे त्याला बारावीत मीच ऐकवलं होतं. मराठी शाळेतून आलेला मी, इंग्रजी नेमकी वाटायची कारण तिचा एकेकच अर्थ मला ठाऊक होता.

परवा संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉलवर लेकीने विचारलं, “आजी, टी झाला?”

“अगं, रात्री साडेदहाला कोण चहा पितं?”

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. हातात लाटणं होतं, तव्यावर पोळी. मी म्हटलं, “होतोय.”