‘आई-बाबांच्या मोबाइलमधली अ‍ॅप काढून टाका’ या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे एक मेसेज ठाण्यातल्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतो आहे. सोसायटीचा ग्रुप, भिशीचा, माहेरचा, बँकेतल्या निवृत्त सहकाऱ्यांचा, एकही सुटलेला नाही. मजकूर थोडक्यात असा: ‘साठीनंतर मेंदू नवीन काही शिकत नाही. ज्येष्ठांना तंत्रज्ञानाची भीती वाटते, त्यांना त्यात ओढू नका. ऑनलाइन फसवणूक त्यांचीच होते, तेव्हा त्यांच्या मोबाइलमधली बँकेची अ‍ॅप काढून टाका. व्यवहार बघायला मुलं आहेत. ज्येष्ठांना जुना काळच प्रिय असतो, त्यांना शांतपणे देवाचं नाव घेऊ द्या.’ शेवटी, प्रत्येक मुलामुलीपर्यंत पोचवा.

पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच आहे, याबद्दल मला शंका नाही. पण हा मेसेज वाचून माझ्या ओळखीच्या घरांत आईच्या फोनमधली अ‍ॅप खरोखर काढली गेली आणि एका घरी त्यावरून रडारड झाली. म्हणून हे लिहिते आहे. मी स्वतः साठी ओलांडलेली, बँकेतून निवृत्त झालेली, चरईत राहणारी. आजूबाजूच्या ज्येष्ठांचं फोनवर काही अडलं की ते माझ्याकडे येतात.

मेंदूपासून सुरुवात करते. वय वाढलं की वेग मंदावतो, एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरून ठेवणं जड जातं, हे खरं. शिकणं थांबतं, हे खोटं. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठातल्या डेनीस पार्क यांचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. 60 ते 90 वयाचे 221 लोक त्यात होते. काहींना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना गोधडीचं शिवणकाम, काहींना दोन्ही. बाकीच्यांनी गप्पा, शब्दकोडी, संगीत ऐकणं अशा ओळखीच्या गोष्टींत वेळ घालवला. स्मरणशक्ती सुधारली ती नवीन आणि कस लागेल असं शिकणाऱ्यांची. मेसेजमधला सल्ला याच्या नेमका उलटा आहे.

आणि आमच्या पिढीला हे सांगावं? मी बँकेत लागले तेव्हा लेजर हाताने लिहायचो, टोटल जुळल्याशिवाय घरी जायची सोय नव्हती. 1984 साली रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाची शिफारस केली. पुढे लेजर पोस्टिंगची मशिन आली, मग शाखेतले संगणक, मग सगळ्या शाखा एकमेकींना जोडणारं कोअर बँकिंग. दर वेळी चाळिशी-पन्नाशीतले लोक सगळं नव्याने शिकले, तेही काउंटरसमोर गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत साध्या लेथवरचे हात संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनवर गेले. टेलिफोन खात्यातल्या लोकांनी खडखडणारी एक्स्चेंज जाऊन इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलेली पाहिली आणि चालवली. आज ठाण्यातल्या आणि नव्या मुंबईतल्या विरंगुळा केंद्रांत बसलेली माणसं ती हीच.

‘आता तुमच्याने होणार नाही’ हे वारंवार ऐकण्याचे परिणामही होतात. येल विद्यापीठाच्या बेक्का लेव्ही यांनी ओहायोतल्या 660 माणसांच्या जुन्या नोंदी तपासून 2002 मध्ये मांडलं, की स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारी माणसं इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. फॉरवर्ड करण्याआधी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता भीतीचा मुद्दा. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण लोक ज्याला भीती म्हणतात त्यात निम्मा भाग शरीराचा असतो, उरलेला बहुतेक फोन आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांचा, आणि थोडा घरच्यांच्या बोलण्याचा.

ज्यांचं आयुष्य टाइपरायटर आणि कडक बटणांवर गेलं, ते बोट जोर लावून दाबतात आणि नीट दाबलं गेलं का म्हणून तसंच ठेवतात. पडद्याला ते ‘धरून ठेवणं’ वाटतं. मग चौकोन हलायला लागतात, ‘काढून टाकायचं का’ असं काहीतरी विचारलं जातं, आणि बघता बघता अ‍ॅप जागेवरून गायब. ‘माझा हात लागला की बिघडतंच’ ही समजूत इथून सुरू होते. वयाने कातडी कोरडी झाली की काही वेळा हलका स्पर्श पडद्याला कळतच नाही, म्हणून माणूस आणखी जोरात दाबतो. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये, अ‍ॅक्सेसिबिलिटी या भागात, स्पर्श किती वेळ टिकला तर ‘धरून ठेवलं’ समजायचं हे ठरवता येतं. ते लांबवर करून दिलं की निम्म्या तक्रारी मिटतात. पण आईला नवा फोन आणून देताना हे किती जण करतात?

डोळ्यांचंही तेच. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. नेत्रभिंग पिवळसर होतं, जवळजवळच्या छटा वेगळ्या दिसत नाहीत. आणि आमची अ‍ॅप पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरात लिहितात, ‘पुढे जा’चं बटण फिकट निळं ठेवतात. ओटीपी येतो, तो बघायला दुसऱ्या खिडकीत जायचं, सहा आकडे लक्षात ठेवून परत यायचं, तोवर वेळ संपलेली. यात बुद्धीची परीक्षा कुठे आहे? घाईची आहे.

माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे एक वही असते. त्यात पायऱ्या लिहिलेल्या: हिरवं चित्र दाबायचं, उजवीकडे वर तीन ठिपके, तिसरी ओळ. फार सुंदर वह्या असतात या, तारखेसकट, लाल पेनाने खुणा केलेल्या. आणि एक दिवस अ‍ॅप अपडेट होतं आणि तीन ठिपके खाली डावीकडे जातात. स्वयंपाकघरातले डबे रात्रीत कुणी हलवून ठेवले तर सकाळी चहा करणाऱ्याचं जे होईल, ते या माणसांचं दर काही महिन्यांनी होतं. त्यांना विसरभोळं म्हणणं अन्याय आहे.

समोरच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या बँकेत गेल्या, ठसे घेणाऱ्या मशिनवर अंगठा ठेवला. उमटला नाही. पदराला पुसून ठेवला, तर्जनी ठेवली, दुसऱ्या हाताची बोटं ठेवून पाहिली. म्हातारपणी त्वचेचा ताण जातो, रेषा सपाट होतात, जन्मभर भांडी घासलेल्या आणि खडू धरलेल्या हातांच्या तर जास्तच. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘आजी, तुमचे ठसेच संपलेत.’ त्याला मागची रांग दिसत होती, वाईट हेतू नसेल. पण बाई घरी येऊन मला म्हणाल्या, ‘अगं, मी समोर उभी आहे, आणि मी जिवंत आहे हे मला सिद्ध करता येईना.’

हा अपमान आहे. त्याला तंत्रज्ञानाची भीती म्हणायचं नाही.

नोव्हेंबर 2021 पासून हा दाखला चेहरा दाखवून, साध्या स्मार्टफोनवरून काढता येतो. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन अ‍ॅप त्याला लागतात. आम्ही खिडकीशी बसलो, मागे पांढरी भिंत घेतली, चष्मा काढला. पडद्याने डोळे मिचकावायला सांगितलं, बाईंनी मिचकावले आणि विचारलं, ‘झालं की पुन्हा करू?’ झालं होतं. प्रमाण क्रमांकाचा मेसेज आला, तो त्यांनी वहीत उतरवून घेतला. पुढच्या वर्षी डोंबिवलीच्या बहिणीचा दाखला त्यांनी स्वतःच्या फोनवर काढून दिला. तेच वय, तोच मेंदू. फक्त वाट दुसरी मिळाली आणि शेजारी न ओरडणारं माणूस बसलं.

दुसरी वाट देणं हे उपकारात मोडत नाही. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टी नसलेल्या व्यक्तींना केवायसीसाठी, म्हणजे बँकेला ओळख पटवून देण्यासाठी, डोळे मिचकावणं शक्य होत नव्हतं. त्यांच्या याचिकांवर 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. माझ्या मते झिजलेल्या बोटांनाही तोच न्याय लावायला हवा.

राहिलं घरच्यांचं बोलणं. ‘थांब आजी, तू काही दाबू नकोस, दे इकडे.’ नातू प्रेमळ असतो, दहा सेकंदांत काम करून देतो. आजीला मात्र त्या दहा सेकंदांत काय झालं ते दिसतही नाही. आजीच्या हातात फोन ठेवून, शेजारी बसून, नुसतं तोंडाने सांगणं एवढंच लागतं.

फसवणुकीचा मुद्दा मी हलका करणार नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणत पोलिसी गणवेशात व्हिडिओ कॉलवर बसलेल्या भामट्यांनी आयुष्यभराची पुंजी लुटलेली माणसं आहेत. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं. पण फसतात ते फक्त म्हातारेच? घरबसल्या लाइक करून पैसे, बनावट ट्रेडिंग अ‍ॅप, झटपट कर्ज, या जाळ्यांत तिशीतले लोकही अडकतात, आणि त्यांच्या फोनमधून बँक काढून टाका असं कुणी म्हणत नाही.

आणि ओरडण्याने धोका वाढतो, कमी होत नाही. नेरूळला माझ्या जाऊबाईंच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना ‘आज रात्री वीज कापली जाईल’ असा मेसेज आला. दिलेल्या नंबरवर फोन केला, समोरच्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं आणि खात्यातून पैसे गेले. संध्याकाळी त्यांना कळलं होतं. सांगितलं दुसऱ्या दिवशी दुपारी. का? तर आधी कधी चुकीचं बटण दाबलं तेव्हा मुलगा म्हणाला होता, ‘पुन्हा असं काही केलंत तर फोन काढून घेईन.’ ती रात्र फार महागात पडली. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच अडवता येण्याची शक्यता असते. तास जातात तशी ती आटत जाते. ज्या घरात वडिलांना ‘फसलो’ म्हणायची लाज वाटत नाही, ते घर जास्त सुरक्षित. करायचंच असेल तर यूपीआय मोठ्या ठेवींच्या खात्याला न जोडता थोडे पैसे असलेल्या वेगळ्या खात्याला जोडून द्या, रोजची मर्यादा कमी करा. अनोळखी फोन आला तर ‘मुलीला विचारून सांगते’ म्हणून ठेवून द्यायची सवय लावा.

‘मुलं आहेत ना.’ आहेत. जाऊबाईंचा मुलगा कॅनडात आहे. सोयीचं म्हणून त्यांच्या खात्याला त्याचा नंबर जोडला होता. परिणाम असा, की इथे सकाळी औषधाचे पैसे द्यायचे तर ओटीपी तिकडे रात्री, तो झोपलेला. ही झाली अडचण. मला जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. मैत्रिणींबरोबर वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटकाला गेल्या तरी तिकिटाचा मेसेज मुलाला. कुणाला काय दिलं, देवळात किती टाकले, सगळं मुलाला दिसतं. तो काही बोलत नाही, चांगला आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या पैशाचा हिशेब मनातल्या मनात मुलाला द्यावा लागतो. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या नावावर पहिल्यांदा स्वतःचं खातं आलं ते नवरा गेल्यावर, कुटुंबनिवृत्तिवेतनाचं. ते काळजीच्या नावाखाली पुन्हा दुसऱ्याच्या हातात जाऊ नये. जाऊबाईंनी आता नंबर बदलून घेतला आहे. स्वतः बँकेत जाऊन, फॉर्म भरून.

जुना काळ प्रिय असल्याचं मी कुणा ज्येष्ठाच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणं, आरक्षणाच्या रांगेत पहाटेपासून उभं राहणं आम्हाला लख्ख आठवतं. जांभळी नाक्यावर भाजीवाल्याचं यंत्र ‘पैसे मिळाले’ बोललं की सुट्ट्यांची कटकट नाही, याचा आनंद सगळ्यांना असतो. देवाचं नाव घेणारेही ते मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचतात.

हवा असतो तो जुन्यातला एकच भाग, काउंटरच्या पलीकडे बसलेला माणूस. तोही रोज नको, अडल्यावर हवा. काहींना मोबाइलवर बँक नकोच असते, त्यांनी पूर्ण विचार करून ठरवलेलं असतं आणि तो त्यांचा हक्क आहे. अशांना ‘अ‍ॅपवरच करा’ म्हणून परत पाठवणं, आणि ज्यांना शिकायचं आहे त्यांच्या हातून फोन काढून घेणं, या दोन्हींत ठरवणारा दुसराच कुणीतरी असतो.

तेव्हा मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर हा मजकूर पाठवा. रिझर्व्ह बँकेने 9 नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकात ज्येष्ठांसाठी वेगळं किंवा प्राधान्याचं काउंटर, आणि 70 वर्षांवरच्यांना रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट, हयातीचा दाखला अशा सेवा घरपोच देण्याची व्यवस्था करायला बँकांना सांगितलं आहे. शाखेत जाऊन या परिपत्रकाचं नाव घेऊन मागा. नाही म्हणाले तर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ती तक्रार ऑनलाइन करता येते, आणि साध्या कागदावर हाताने लिहून रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राकडे पोस्टाने पाठवलेलीही चालते.