टायमिंग 'पुढे' घ्या, पण कान उघडे ठेवून

इंजिनच्या टायमिंगवरचा (म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याच्या वेळेवरचा) तुमचा लेख वाचला. 'टायमिंग जितकं पुढे, म्हणजे ठिणगी जितकी लवकर, तितकी ताकद जास्त' हे त्यातलं वाक्य अर्धंच खरं आहे. मीही हेच ऐकून माझ्या जुन्या कार्बोरेटरवाल्या जिप्सीचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) थोडा फिरवून टायमिंग पुढे घेतलं होतं. बेळगावच्या सपाट रस्त्यावर गाडी अशी पळाली की बघतच राहावं! पण जांबोटीच्या पुढे चिखलात, फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर) टाकून, कमी आरपीएमवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. मी तो टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) समजलो. हेड उघडलं तेव्हा एका पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसली, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बोअरिंगचा (सिलिंडर आतून घासून घेण्याचा) खर्च बसला तो वेगळाच. ऑफ-रोडला लोड जास्त, इंजिन हळू फिरतंय, हवा लागत नाही म्हणून तापलेलंही असतं. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन अवेळी भडकून होणारी ही खडखड, नेमकं तिथंच गाठतं.

दुसरं म्हणजे इंधनाचा विषय तुम्ही दोन ओळींत उरकलाय. एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते, ताकदीसाठी १२.५ ते १३. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याच हवेत जास्त इंधन लागतं, म्हणजे कार्बोरेटरच्या जुन्याच जेटवर (इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) गाडी लीन, म्हणजे कमी इंधनावर, चालते. आमच्या मिस्त्रींनी प्लग काढून दाखवला, पांढराफटक! आधी मेन जेट एक नंबर मोठा टाकला, मगच टायमिंग लाइट (टायमिंग मोजायचा दिवा) लावून डिस्ट्रिब्युटरला हात लावला. आता प्लग फिका तपकिरी येतो. सपाटीवर जरा मंद वाटते, चालायचंच.