आईचं नाव विजय

गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मला माझ्या सख्ख्या वडिलांची विधवा समजण्यात आलं.

समजणारा पोरगा बावीस-तेवीसचा. दुकानाच्या पाटीवर आधार, पॅन, सातबारा, लाइट बिल, फास्टॅग, लग्नपत्रिका आणि तळाशी, जागा उरली म्हणून, 'फौजी पेन्शन, हयातीचा दाखला'. त्यानं माझ्या फायलीतला वरचा कागद उचलला, वाचला, माझ्याकडं पाहिलं, परत कागदाकडं पाहिलं.

"विजय तुम्हीच का?"

"नाही. विजय माझी आई."

"इथं वाइफ लिहिलंय."

"बरोबर आहे."

"मयताची वाइफ, विजय."

"हो."

त्यानं मला टकलापासून चपलेपर्यंत एकदा न्याहाळलं आणि आवाज खाली आणून, समजूतदारपणे म्हणाला, "आमची काही हरकत नसते काका. पण अंगठा विजयचाच लागेल."

मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली माझी आई हे सगळं ऐकत होती. तिनं मान वर करून सांगितलं, "आरं, ती विजय मी हाय." दुकानातली सहा माणसं एकदम वळली.

तर प्रकरण असं. आबा मार्चमध्ये गेले. सतरा वर्षं फौजेत काढून १९८४ साली नाईक म्हणून सुटून आले होते. त्यांच्या मागं आईला फॅमिली पेन्शन लागायची. पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराचा निम्मा हिस्सा आणि आबांच्या वयाला गेलेल्या माणसाच्या बायकोला ३० टक्के, हे गणित गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. साताऱ्याकडचं गाव आहे आमचं. इथं घरटी एक माणूस फौजेत असतो. जवळच्या आपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी आहे. तिथली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात कामी आली. तेव्हा दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनी मला सांत्वनाबरोबर टक्केवारीही सांगितली. निम्म्यांनी कँटीनच्या कार्डाचं पुढं काय करणार तेही विचारून घेतलं.

अडलं ते नावाशी. आबांच्या डिस्चार्ज बुकात त्यांच्या बुटाचा नंबर सापडावा इतकी बारीक माहिती आहे. छाती फुगवून किती, न फुगवता किती, रक्तगट कुठला, डाव्या खांद्यावर तीळ आहे तो कुठं, सगळं लिहिलेलं. आणि बायकोच्या रकान्यात 'विजय'. विजया हे नाव रोमन लिपीत लिहिताना शेवटी एक 'ए' जास्तीचा लागतो. १९७३ साली लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेतली नोंद, टाइप करणाऱ्या कुणा बाबूला तो खर्च करवला नाही. आबा जिवंत होते तोवर पेन्शन आबांच्या नावानं येत होती, त्यामुळं त्यांची बायको पुरुष आहे ह्याचा कुणाला त्रास झाला नाही. तब्बल एक्केचाळीस वर्षं.

बरं, आई तरी मुळात विजया कुठं? ती माहेरची हौसा. आपल्याकडं तांदळात अंगठीनं नाव लिहिलं की बाई नवी होते; त्या तांदळाचा दाखला कुणी देत नाही. शाळेच्या दाखल्यावर हौसा, आधारवर विजया, फौजेत विजय. आबांच्या जुन्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर, पत्ता होता द्रौपदी घाट, अलाहाबाद. संरक्षण खात्याच्या पेन्शनींचा हिशेब तिथून चालतो. द्रौपदीला नवरे पाच असून नावाचा घोळ झाल्याचं ऐकिवात नाही. आमच्या आईला नवरा एक आणि नावं तीन. मग वकिलाकडून प्रतिज्ञापत्र केलं की हौसा, विजया आणि विजय ह्या तिन्ही व्यक्ती एकच आहेत. वकिलानं ते वाचून दाखवलं तेव्हा आईनं हात जोडले. तिला काहीतरी दत्ताचं स्तोत्र वाटलं.

आबा पहिल्या मराठा पलटणीत होते. जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिलेली. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या लढाईत, ही पलटण तिथल्या जमालपूरला होती. तिथल्या पाकिस्तानी कर्नलला आपल्या ब्रिगेडियरनं एका म्हाताऱ्या गावकऱ्याबरोबर चिठ्ठी धाडली की वेढा पडलाय, शरण या. उत्तर आलं, चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून. वर मजकूर असा की पुढच्या भेटीत तुमच्या हातात पेन नको, स्टेनगन असू द्या. आबा ही गोष्ट सांगताना गोळीचा आकार करंगळीवर मोजून दाखवायचे. ह्या सात-आठ महिन्यांत मला ती गोष्ट फार वेळा आठवली. ती शौर्यासाठी नव्हे. शत्रूनं निदान उलट टपाली उत्तर तरी दिलं म्हणून. मी तीन ठिकाणी तीन रजिस्टर पत्रं टाकली. पोचपावत्या आल्या, उत्तर येईना. एखादी गोळी आली असती तरी कागद पोचला हे कळलं असतं.

(इथं एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी एका पतसंस्थेत पंचवीस वर्षं काउंटरला आहे. "ताई, आधारवर सुनीता आणि पासबुकावर सुनिता आहे, वेलांटी जुळत नाही, उद्या या," हे वाक्य मी आजवर किती बायकांच्या तोंडावर मारलंय ह्याचा हिशेब माझ्याकडं नाही. त्यांतल्या एकीनंही मला गोळी पाठवली नाही.)

असो. ऑक्टोबरात दुरुस्ती झाली, विजयाला तिचा 'ए' मिळाला, पेन्शन मंजूर झाली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा तेवढा राहिला, म्हणून मंगळवारी त्या दुकानात गेलो. फायलीत वर नवा कागद ठेवायचा तर मी जुना ठेवला होता. चूक माझी आहे हे मान्य. म्हणून मला आबांची विधवा ठरवायचं?

आता सुभेदारसाहेब.

दुकानात कोपऱ्यातल्या एकुलत्या एक हाताच्या खुर्चीवर एक गृहस्थ ताठ बसले होते. वय ऐंशीच्या आसपास, बुशशर्टाला धार, मिशांना त्याहून जास्त. मांडीवर प्लास्टिकची फाइल. मला वाटलं त्यांचा नंबर असेल. नंतर कळलं की त्यांचा स्वतःचा दाखला एक तारखेलाच झालेला होता. ते रोज येतात ते देखरेखीला. दुकानदार पोरगा त्यांना घाबरतो, पण त्यांच्याशिवाय त्याचं चालतही नाही, कारण फौजेची कागदं वाचता येणारा तिथं तो एकच माणूस.

"कुठली पलटण?" त्यांनी मला विचारलं.

"पहिली मराठा."

"जंगी! सर्व्हिस?"

"सतरा वर्षं."

"रँक?"

"नाईक."

"एक्सपायर कधी झाले?"

"सतरा मार्च."

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "म्हणजे सतरापर्यंत ते. अठरापासून वहिनी चालू."

मी मान डोलावली. नियम तसाच आहे. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून फॅमिली पेन्शन धरतात. पण 'वहिनी चालू' हे ऐकून आईनं पदर सारखा केला.

मग साहेबांनी सगळ्या दुकानाचा तास घेतला. एका बाईंना त्यांनी सुनावलं की माजी सैनिकाच्या विधवेला एका घराची घरपट्टी माफ आहे, २०२० सालापासून, आणि त्या अजून भरतायत म्हणजे कमाल आहे. झेरॉक्सला आलेल्या एका कॉलेजच्या पोराला वन रँक वन पेन्शन दर पाच वर्षांनी कशी नव्यानं बसते, २०१४, १९, २४, हे बोटं मोडून सांगितलं. त्या पोराला मार्कशीटच्या दोन प्रती हव्या होत्या. मधूनच साहेबांनी माझी फाइल हातात घेतली, कागद क्रमवार लावले, जुना पीपीओ तळाशी घातला आणि म्हणाले, "कायदेसे ठेवायचं. दुश्मनाला वरचा कागद दिसतो."

हे त्यांनी दहा मिनिटं आधी का केलं नाही?

पोरानं यंत्र पुढं सरकवलं. आईनं अंगठा ठेवला. यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुसून ठेवला, लाल. डावा ठेवला, लाल. "आजींचे ठसेच नाहीत," पोरगा म्हणाला. नसणारच. पन्नास वर्षं राखेनं भांडी घासली, भुईमुगाच्या शेंगा तोडल्या, आबा पलटणीत असताना अडीच एकर एकटीनं ओढलं. रेषा कुठून राहायच्या? पूर्वी पेन्शन बँकेतून यायची, साहेब तोंड बघून सही घ्यायचा. आता सगळं ऑनलाइन गेलंय आणि त्या व्यवस्थेचं नाव आहे 'स्पर्श'. नाव फार गोड आहे. आईच्या हाताला मात्र त्या पोराचं यंत्र ओळखेना. कुणी म्हणालं खोबरेल लावा, कुणी म्हणालं केसांवरून अंगठा फिरवा. सुभेदारसाहेबांनी हुकूम सोडला, "अंगठा बंद! फेस लावा!"

फेस म्हणजे मोबाइलवर चेहरा दाखवून हयात सिद्ध करायची. त्याआधी पोरानं दोन प्रश्न विचारले. पहिला नोकरीचा, तो पटकन संपला. दुसरा प्रश्न त्यानं स्क्रीनवरून वाचला, "रिमॅरीड?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. एकाहत्तर वर्षांच्या आईला हे मराठीत कसं विचारायचं, ते माझ्या पंचवीस वर्षांच्या काउंटरवर कधी शिकायला मिळालं नाही. जबाबदारी साहेबांनी उचलली. खाकरून ते म्हणाले, "वहिनी, सरकार असं विचारतंय, की भाऊ गेल्यानंतर... घरात कुणी नवं माणूस आलंय का?"

"व्हय," आई म्हणाली.

दुकान गप्प झालं.

"कोण?"

"नातसून. मे महिन्यात लगीन झालं."

"नातसून नव्हे वहिनी. तुमच्या स्वतःच्या... म्हणजे बाजूला..."

"बाजूला त्येंच्या भावाचं घर हाय. त्यानं भिंत घातली मधी."

"नो लाव रे!" साहेब पोरावर खेकसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पंखा त्यांच्याच डोक्यावर होता.

मग आईच्या तोंडासमोर मोबाइल आला. स्क्रीनवर एक गोल, त्यात आईचा चेहरा, आणि ॲपची मागणी की पापणी लववा. माणूस जिवंत आहे, फोटो नाही, हे त्याला त्यातूनच कळतं. आता आईच्या आयुष्यात फोटो मोजून चार. त्यांतला पहिला १९८४ चा, पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला जॉइंट फोटो. आबा खुर्चीत, आई शेजारी उभी, हातात रुमाल. फोटोवाल्यानं तिला तेव्हा बजावलं होतं की डोळे मिटलेस तर कागद बाद होतील. त्या फोटोत तिचे डोळे वटारलेले आहेत आणि श्वास रोखलेला कळतो. मंगळवारीही तिनं तेच केलं. डोळे वटारले, श्वास धरला. पोरगा सांगतोय, "आजी, मिटा, उघडा," आणि ती तसूभर हलेना. सरकारी फोटो आहे, डोळे मिटले तर नवऱ्याची पेन्शन जाईल, हे एक्केचाळीस वर्षं तिच्या हाडात भिनलेलं. एकदा टाइम आउट. दोनदा. तिसऱ्यांदा ॲप बंदच पडलं.

सुभेदारसाहेबांचा संयम सुटला. खुर्चीतून उठून, कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात त्यांनी ऑर्डर दिली:

"वहिनी, डोळा मारा!"

झेरॉक्स मशीनसुद्धा त्या क्षणी थांबलं असं मला वाटतं. साहेबांना आपण काय बोललो ते अर्ध्या सेकंदानं कळलं. मिशा जागच्या जागी राहिल्या, बाकी चेहरा उतरला. "म्हणजे मिचकवा... लववा... पापणी, पापणी म्हणायचं होतं मला, हिंदीत पलक म्हणतात..." ते बोलत राहिले. आईनं मार्चपासून हसणं टाकलं होतं. तिच्या खांद्यांना आधी हिसका बसला, मग ती अशी हसली की डोळे गच्च मिटले आणि पाणी आलं. पदर तोंडावर जाणार एवढ्यात पोरगा ओरडला, "आजी, पदर नको! झालं! झालं!"

हिरवी खूण. माझी आई सरकारच्या लेखी जिवंत झाली.

पोरानं शंभर रुपये सांगितले. आईनं विचारलं, "अंगठा उठला नाही, मग त्याचे कापून किती?" अंगठ्याचे वेगळे पैसे नसतात, असं त्यानं सांगितलं. वर आधारच्या झेरॉक्सचे दहा मागितले. झेरॉक्स मी घरून आणली होती. ती त्यानं वापरली नाही, कारण ती काळी आली होती म्हणे. मी दिले दहा. अजून सलतायत. सुभेदारसाहेबांनी निघताना आमच्याकडं न बघता सॅल्यूट केला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून.

पावती व्हॉट्सॲपवर पाठवतो, असं पोरगा म्हणाला होता. ती एसटीत आली. आई खिडकीशी बसून मधूनच पुन्हा हसत होती. पावतीवर सगळं नीट होतं. विजया, शेवटच्या 'ए'सकट, पीपीओ नंबर, तारीख. फक्त फाइलीला नाव द्यायचं म्हणून त्यानं आपल्या मनानं दिलं होतं:

'विजय काका पेन्शन'.