बावन्न किलोंचं मत

मत द्यायला अंगी वजन लागतं हे मला माहीत होतं. ते काट्यावर चढवून बघतात हे परवा कोल्हापूरच्या गंगावेशीत कळलं.

वाद जुनाच. २०२३ सालचा सर्वोत्तम बॉक्सर कोण, जपानचा नाओया इनोऊए की अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड? 'द रिंग' मासिकानं इनोऊएला पुरस्कार देऊन टाकला आणि जगाच्या दृष्टीनं विषय मिटला. आमच्या घरात नाही मिटला. माझा मेव्हणा क्रॉफर्डचा. सप्टेंबर २०२५मध्ये क्रॉफर्डनं दोन वजनी गट वर चढून कॅनेलो अल्वारेझला हरवलं, तेव्हापासून तर "बघा दाजी, आतातरी कबूल करा" हे चहाला, जेवणाला, बारशाला, सगळीकडे सुरू आहे. आता २०२५ची लढत २०२३च्या हिशेबात कशी धरायची? पण मेव्हण्याचं वजन ९० किलो आहे, त्यामुळे घरात त्याचं म्हणणं आधी ऐकलं जातं.

तर परवा रात्री आम्ही दूध कट्ट्यावर. म्हशी ओळीनं उभ्या, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात. मेव्हण्यानं एक रिचवला आणि सुरू झाला. "दाजी, क्रॉफर्डच्याच गटातला चॅम्पियन स्पेन्स, हरला नव्हता कुणाला. क्रॉफर्डनं त्याला तीनदा पाडला. नवव्या फेरीत रेफ्रीनं थांबवली. असली लढत दहा वर्षांत एकदा होते." मी म्हटलं, "एकच लढत ना वर्षात? इनोऊएनं दोन मारल्या. जुलैत फुल्टनला आठव्या फेरीत, डिसेंबरात टापालेसला दहाव्या. नव्या वजनी गटात आला आणि पाच महिन्यांत जगज्जेतेपदाचे चारही पट्टे गोळा केले." आवाज चढले. एका म्हशीनं मान वळवली.

"काय मॅटर हाय रं?"

मागं वस्ताद. दोन्ही कान मोडून गोळा झालेले, मान आणि खांदा यांच्यात हद्द नाही. तालमीतली दोन पोरं ग्लास धरून मागं उभी. मेव्हण्यानं पाया पडून सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "वस्ताद, निकाल तुम्हीच द्या. हरेल तो सगळ्यांचं दूध देईल." मला कुणी विचारलं नाही.

वस्तादांना बॉक्सिंगची काडीची माहिती नव्हती, पण निकाल द्यायची तयारी पूर्ण होती. कट्ट्याच्या कडेला मांडी ठोकून बसले. "बोला. येक येक करून."

मी सांगितलं, तीन मिनिटांची फेरी असते, मग एक मिनिट विश्रांती.

"म्हंजे करत्यात काय त्या मिन्टात?"

"कोपऱ्यात स्टुलावर बसतात. पाणी देतात, तोंड पुसतात."

वस्तादांनी पोरांकडं बघितलं. "स्टूल! आरं, कुस्ती हाय का पाव्हण्याचा मांडव? बरं, फुडं."

"पाडला की रेफ्री दहापर्यंत आकडे मोजतो."

"आन् ज्यानं पाडला त्यो?"

"तो लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. तसा नियमच आहे."

इथं मात्र ते खरोखर दुखावले. "पाडल्याव लांब जायाचं? छातीव बसायचं सोडून? मग पाडला कशाला त्येला? आन् तुमच्या त्या मार्केटवाल्यानं तीनदा पाडला म्हंता. आमच्यात येकदा पाठ लागली की हलगी वाजती, फेटा बांधत्यात, माणूस घरला." मार्केटवाला म्हणजे क्रॉफर्ड. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटवरून त्यांनी तो लक्षात ठेवला होता. इनोऊएचा पहिल्याच वाक्यात 'इनामदार' झाला होता.

"बरं, त्यो इनामदार. वजन काय त्येचं?"

मी चाचरत सांगितलं, "पंचावन्न किलो."

मेव्हणा गालात हसला. त्याला हाच प्रश्न हवा होता. "क्रॉफर्ड तेव्हा सहासष्टचा होता वस्ताद," तो घाईनं म्हणाला.

"पंचावन्न?" वस्ताद म्हणाले. "खासबागेच्या मैदानात येक नंबरची जोड पंचावन्न किलोची लावली तर मानसं तिकिटाचं पैसं मागत्याली."

हे मात्र मला झोंबलं. मी तावातावानं म्हटलं की हा माणूस सुरुवातीला ४९ किलो गटात लढायचा, तिथून वर येत चार गटांत जिंकला, त्याला 'मॉन्स्टर' म्हणतात. आणि वजनाची चोरी चालत नाही तिथं. लढतीच्या आदल्या दिवशी चारचौघांत, चड्डीवर, काट्यावर उभं करतात.

"आसं?" वस्ताद म्हणाले. मी काय बोलून बसलो ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. "मग तुझं किती?"

शेजारी पेंडीचं दुकान, शटर अर्धं खाली. वस्तादांनी नुसती मान हलवली, पोरांनी शटर वर केलं. काट्यावर सरकी पेंडीचं पोतं होतं, ५० किलोचं. ते उतरवलं, मला चढवलं. दुकानदार पुढं होऊन म्हणाला, "चपला काढा सायेब, फरक पडतोय." दूध प्यायला आलेली दोन कुटुंबं, त्यांतली लहान मुलं, एक पोलीस, सगळे बघत होते. आकडा लागला. ५२.

"पोत्यापरीस दोन किलोनं भारी," वस्तादांनी जाहीर केलं. "म्हून हे इनामदाराची बाजू घेतंय. आपला तो आपला."

झालं. पट्टे गेले, फेऱ्या गेल्या, टापालेस गेला. मी इनोऊएच्या बाजूनं का, तर मी हडकुळा म्हणून. हे मी शाळेपासून ऐकतोय. कबड्डीत 'तू गुण लिही', गणपतीत 'तू पावत्या फाड'. या गावात माणसाला मत असायला हरकत नाही, पण ते उचलायला दंड लागतात. आणि पेपरात बघा, वर्षाचे पुरस्कार देतात ते कोण? खुर्चीत बसून लिहिणारे लोक, त्यांतले निम्मे माझ्याच वजनाचे असतील. त्यांना कुणी काट्यावर चढवत नाही. त्यांनी तरी काय दिवे लावलेत म्हणा. १९६६ साली याच 'रिंग'नं कुणालाच पुरस्कार दिला नाही, कारण द्यावा लागला असता तो मुहम्मद अलीला, आणि अली त्यांच्या मते पोरांसमोर ठेवण्याजोगा आदर्श नव्हता. तो त्याच्या नावावर लावायला त्यांना पन्नासएक वर्षं लागली.

काट्यावरून उतरता उतरता मी शेवटचा डाव टाकला. "वस्ताद, खाशाबा जाधव १९४८ला लंडनला किती किलोत लढले? बावन्न! हेलसिंकीला पदक आणलं ते सत्तावन्नमध्ये!"

कट्टा गप्प झाला. खाशाबा इथंच राजाराम कॉलेजात होते, त्यांना १९५२ला हेलसिंकीला जाता यावं म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या सत्तावन्न किलोंनी आणलं. आणि ते गेले १९८४ला, अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. पद्म तर नाहीच. कुणाला कुठल्या वर्षी काय मिळायला हवं होतं याचा खरा वाद घालायचा तर तो इथं आहे, पण त्यावर मेव्हण्याला कधी घसा कोरडा करताना बघितलं नाही. त्याला लास व्हेगास लागतं.

वस्तादांनी खाशाबांच्या नावाला कानाच्या पाळीला हात लावला. मग माझ्या खांद्यावर पंजा ठेवला, मी वाकलो.

"खाशाबांच्या बावन्न किलोत बावन्न किलो पैलवान हुता. तुझ्यात निम्मी शाई हाय."

पोरं हसली. पोलीस हसला. माझ्याच घरचं मीठ खाणारा मेव्हणा तर कट्ट्याला धरून हसला.

निकाल असा लागला: कुस्ती बरोबरीत सोडवली, कारण दोघांपैकी कुणीही कुणाच्या छातीवर बसलेलं नाही. बरोबरी म्हणजे बिल निम्मं निम्मं, असं मी समजत होतो. मेव्हण्यानं फोन काढला, दोनदा कपाळाला लावला आणि म्हणाला, "दाजी, सर्व्हर डाउन दाखवतोय." पोरांचे चार चार ग्लास, वस्तादांचं अख्खं तांब्याभर, सगळं माझ्या खिशातून गेलं. क्रॉफर्डला एवढी कमाई स्पेन्सला पाडून तरी झाली असेल का, शंका आहे.

जाताना वस्तादांनी म्हशीवाल्याला बजावलं, "ह्येला रोज मोठा गिलास. साठ किलो झालं की मग बोलू इनामदाराचं."

तेव्हापासून मी तिथून नुसता गेलो तरी म्हशीवाला हाक मारतो, मोठा ग्लास भरतो आणि मोठ्याचेच पैसे घेतो. वस्तादांचा शब्द आहे म्हणतो. मला म्हशीचं दूध पचत नाही, हे तिथं सांगायची अजून हिंमत झालेली नाही.