नदीबाई, आणखी एक इंच

विमा काढायचाय? मग पहिली गोष्ट, एजंटला घरी बोलवू नका. आमच्याकडे एक अण्णा यायचे. खाकी पिशवी, त्यात पावतीपुस्तक. वडिलांच्या जन्मतारखेवरून आईशी हुज्जत घालायचे, पोहे खायचे, जाताना कॅलेंडर ठेवून जायचे. घरात साखर कुणाला आहे आणि तंबाखू चोरून कोण खातं, हे त्यांना फॉर्म न भरताच ठाऊक असायचं. असल्या माणसाच्या हातात आपली खासगी माहिती ठेवणं केवढं धोक्याचं! आता तीच माहिती तुम्ही स्वतः फोनात भरायची, न वाचलेल्या अटी मान्य करायच्या, आणि पोहे आपले आपणच खायचे. कॅलेंडर मेलवर येतं.

मग मनगटाला घड्याळ बांधा. चाललात की गुण मिळतात आणि गुण साठले की पुढच्या वर्षीच्या मेडिक्लेमच्या हप्त्यात सूट. आमचा एक पैलवान मित्र या सुटीच्या मागं लागला. पहाटे चारला उठून तालमीत पाचशे जोर, हजार बैठका. घड्याळात पावलं उमटली 312, तीही घर ते तालीम. बैठकीत पाऊल जागचं हलत नाही, त्याला घड्याळ काय करणार? त्यात उंची 5 फूट 10 इंच आणि वजन 105 किलो, म्हणजे बीएमआय, वजनाला उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, 33. फॉर्मच्या मते 30 च्या पुढचा माणूस लठ्ठ. हा भागाकार 1830 च्या दशकात केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं काढला. त्यानं कोल्हापूरची तालीम पाहिली नव्हती, हा काही कंपनीचा दोष नाही. मी मित्राला स्पष्ट सांगितलं, जोर बंद कर, दंड उतरू दे, हप्ताही उतरेल. त्यानं ऐकलं नाही, पण मार्ग काढला. घड्याळ सध्या त्याचा भाचा घालतो. पोरगं दिवसभर फुटबॉल खेळतं. कंपनीच्या नोंदीत पंचावन्न वर्षांचा पैलवान रोज 18 हजार पावलं धावतो, आणि कंपनी त्याला शाबासकीचे मेसेज पाठवते.

गाडीचंही तसंच. जशी चालवाल तसा हप्ता, अशा अ‍ॅड-ऑनला विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, 2022 च्या जुलैत मोकळीक दिली. भरधाव गेलात की गुण कापले, जोरात ब्रेक मारला की कापले. तेव्हा पंचगंगा घाटाकडं जाताना म्हशी आडव्या आल्या तर ब्रेक मारू नका. गाडीवर नजर ठेवणाऱ्या यंत्राला ब्रेक दिसतो, म्हैस दिसत नाही. नाहीतरी म्हशीचा विमा दुसऱ्या कंपनीकडं असतो.

म्हशीवरून आठवलं. पूर्वी विम्याच्या जनावराच्या कानात बिल्ला मारायचे, आणि बिल्ला नाही तर क्लेम नाही, हा या धंद्यातला नियमच. पण बिल्ला एका कानातून दुसऱ्या कानात जाऊ शकतो आणि कागदावर मेलेली म्हैस गोठ्यात उभी राहून दोन वेळचं दूध देऊ शकते, हे कंपन्यांच्या ध्यानात आलं. म्हणून आता नाकाचा ठसा. माणसाच्या बोटासारख्याच म्हशीच्या नाकावरच्या रेघा प्रत्येकीच्या वेगळ्या असतात, त्या फोनच्या कॅमेऱ्यानं टिपायच्या. कल्पना नाद खुळा आहे, यात वाद नाही. गंगावेशीत रात्री ग्लासात धार काढून देतात, तिथल्या एका गवळ्यानं माझ्या देखत करून पाहिलं. नाक ओलं म्हणून चमकतंय, फोटो घेईना. त्यानं टॉवेलानं पुसलं. म्हशीनं जीभ फिरवून परत ओलं केलं. परत पुसलं, परत जीभ. दुधाची गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून बघत उभी. सातव्या खेपेला तिनं फोनच चाटला आणि हिरवी खूण आली, ठसा मंजूर! कशाचा, ते कंपनीलाच ठाऊक. "नाक देत न्हाई, पर सही करती बघा," गवळी म्हणाला.

तुमची गाडी बुडणार असेल तर तीही तयारी करून ठेवा. 2021 च्या जुलैत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या पुढं गेली. धोक्याची पातळी 43. शाहूपुरीत आमच्या बोळात पाणी आलं आणि गाडी त्यात बसली. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या पॉवर बँकवर फोन जिवंत करून अ‍ॅप उघडलं. नुकसान बघायला सर्व्हेअर यायची गरज नाही, फोटो टाका, लगेच निर्णय, असं वर लिहिलेलं. पाण्याच्या वर टपाची एक पट्टी तेवढी दिसत होती, तिचा टाकला. उत्तर आलं, 'कृपया वाहनाच्या चारही बाजू स्पष्ट दिसतील असा फोटो काढा. नंबर प्लेट स्वच्छ असावी.' मग मदतीच्या खिडकीत लिहिलं, गाडी गेली. तिथल्या यंत्रानं अत्यंत नम्रपणे विचारलं, 'आपली गाडी चोरीस गेली आहे का?' व्हय-न्हाई त्याला कळत नाही, हो-नाहीच लिहावं लागतं. मी नाही लिहिलं. 'धन्यवाद! आपली समस्या सुटली याचा आम्हाला आनंद आहे.'

पाणी उतरल्यावर मेव्हणे आले आणि "बघू तरी" म्हणत त्यांनी किल्ली फिरवली. क्लेम तिथंच बसला. पुरानं झालेलं नुकसान पॉलिसीत असतं. पाणी शिरलेलं इंजिन सुरू करायला जाऊन जे होतं ते नसतं, त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. हे अण्णांनी पोहे खाताना सांगितलं असतं. पण अण्णांना आपण बंद केलंय. तेव्हा पाणी येताना गाडीची किल्ली आणि मेव्हणे दोन्ही उंचावर हलवा.

उंचीचा विचार घर घेतानाही करा, कारण आता यंत्राला तुमच्या उंबऱ्याची उंचीही कळते. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉईडच्या कॉफीच्या दुकानात जहाजवाले आणि व्यापारी बसायचे. कुणाचं जहाज बुडेल हे कुणालाच सांगता यायचं नाही, म्हणून एकाचा धोका दहाजण वाटून घ्यायचे. त्या अडाणीपणावर एवढा धंदा उभा राहिला. आता उपग्रह वरून बघून सांगतो, दुधाळीतला बुडणार, राजारामपुरीतला नाही. मग दुधाळीतल्याचं राजारामपुरीतल्यानं का भरावं? ज्याला विम्याची गरज नाही त्याला दिवसातून तीन फोन आणि घसघशीत सूट, ज्याला गरज आहे त्याला असा आकडा की त्यानं आपण होऊन फोन ठेवावा. कॅलिफोर्नियात स्टेट फार्म या बड्या कंपनीनं वणव्यांचा आणि बांधकाम खर्चाचा हिशेब घालून 2023 च्या मेमध्ये घरविम्याचे नवे अर्ज घेणंच थांबवलं. तुम्ही दुधाळीत जन्मला असाल तर आईवडिलांशी बोलून घ्या.

आणि तिकडं वणवा पेटला, फ्लोरिडात वादळ झालं, तर आपल्याला काय, असं म्हणू नका. विमा कंपन्यासुद्धा विमा काढतात. स्वित्झर्लंडमध्ये 1861 साली ग्लारुस गाव जळालं, त्या धक्क्यातून 1863 साली विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी स्विस री उभी राहिली. आज ती आणि म्युनिक री यांसारख्या कंपन्यांच्या वहीत फ्लोरिडा आणि भारत शेजारीशेजारी असतात. शेजारधर्म म्हणून थोडं जास्त भरायला लागलं तर कुरकुर नको.

सगळ्यात नवी चीज मात्र मला मनापासून आवडली. यात फोटो नको, सर्व्हेअर नको, क्लेमच नको. आकडा आधीच ठरवायचा आणि निसर्गानं तो ओलांडला की पैसे आपोआप खात्यात. 2024 च्या उन्हाळ्यात सेवा या संघटनेतल्या हजारो कष्टकरी बायकांच्या खात्यात उन्हाचा पारा चढला म्हणून 400-400 रुपये असेच जमा झाले. उगीच नावं ठेवू नयेत, चांगलं काम झालं. पण त्याच वर्षी जुलैत जमैकाला बेरिल वादळानं झोडपलं. त्या देशानं वादळासाठी 15 कोटी डॉलरचा रोखा काढून ठेवला होता, म्हणजे ठरलेला आकडा गाठला की गुंतवणूकदारांचे पैसे देशाला. छपरं उडाली, पिकं आडवी झाली, पण वादळाच्या पोटातला हवेचा दाब ठरलेल्या आकड्याइतका खाली उतरला नाही. झालं, छदाम मिळाला नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मेलिसा आली. तिनं कागदपत्रं नीट जोडली असावीत, कारण पूर्ण रक्कम मिळाली.

आपल्याकडं अशी पॉलिसी आली तर आकडा शोधत बसायला नको. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर सकाळी उठून देवाआधी व्हॉट्सअ‍ॅपवर राजाराम बंधाऱ्याचं पाणी बघतं. किती फूट, किती इंच, किती बंधारे पाण्याखाली. 39 ला इशारा, 43 ला धोका. कंपनी 43 धरणार. आता अडचण अशी की सुतारवाड्यातल्या माणसाच्या उंबऱ्याला हा आकडा माहीत नसतो. 43 व्हायच्या आधीच तो भांडी माळ्यावर टाकून, म्हातारीला घेऊन शाळेत झोपायला गेलेला असतो.

म्हणून यंदा नदीला पूर आला आणि घरातल्या बायका खण-नारळ घेऊन ओटी भरायला निघाल्या, तर बरोबर जा. नुसतं 'आई, आता उतर' म्हणून हात जोडू नका, ती जुनी पद्धत झाली. बंधाऱ्यावरची पट्टी बघून घ्या, आणि नारळ सोडताना वाकून हळूच सांगा, "बाई, 42 फूट 11 इंचावर थांबू नगंस. आलीच हाईस तर आणखी एक इंच ये."